अँबॅसिडर १४८९ सीसी: एसयू कार्बोरेटर काढून स्पीडुइनोवर फ्युएल इंजेक्शन

मार्क_तीन (धागाकर्ता)

मंडळी, गाडी अँबॅसिडर मार्क ३. इंजिन मूळचंच, १४८९ सीसी पेट्रोल, मॉरिस ऑक्सफर्डबरोबर उत्तरपाड्याला आलेलं बीएमसीचं बी-सिरीज. बोअर ७३ मिमी, स्ट्रोक ८८.९ मिमी. सव्वा इंची एसयू कार्बोरेटर, डेल्को (डिस्ट्रिब्युटर), सीबी पॉइंट, मेकॅनिकल पेट्रोल पंप. डायनामोच्या जागी अल्टरनेटर आधीच बसवलेला आहे. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला साडेदहाच्या आसपास, त्यामुळे हेड उघडायचं कारण नाही.

बेत असा आहे: स्पीडुइनो ईसीयू (इंजेक्शन आणि ठिणगी सांभाळणारा इंजिनचा कॉम्प्युटर), क्रँक पुलीवर ३६-१ दात्यांचं चाक (३६ जागा, त्यातला एक दात रिकामा, त्यावरून ईसीयूला क्रँक कुठे आहे ते कळतं), आणि हेडला जे दोन इनटेक पोर्ट आहेत त्यांच्या तोंडाशी मॅनिफोल्डवर एकेक बुश वेल्ड करून दोन इंजेक्टर. दोन्ही एकदम उडवायचे, म्हणजे बॅच फायर. वाइडबँड लॅम्डा सेन्सर लावणार आहे, म्हणजे मिश्रण ओलं (पेट्रोल जास्त) की कोरडं (पेट्रोल कमी) ते एक्झॉस्टमध्ये मोजणारा; लॅम्डा १ म्हणजे बरोबर मिश्रण.

विचारायचं ते असं: इंजेक्टर किती सीसीचे घ्यावेत, टाकीला रिटर्न लाइन कशी काढावी, आणि डेल्को ठेवावा की सरळ कॉइल पॅकवर जावं?

लेथ_सातारा

मार्क_तीन साहेब, बाकी सगळं जमेल, पण इंजेक्टरची जागा आधी बदला. पोर्टाच्या तोंडाशी दोन इंजेक्टर आणि बॅच फायर, हे या हेडवर चालत नाही.

या हेडला चार सिलिंडरसाठी दोनच इनटेक पोर्ट. १ आणि २ चा एक, ३ आणि ४ चा एक. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, आणि हवा ओढण्याचा क्रमही तोच. आता फक्त पुढचा पोर्ट बघा. आधी २ नंबर ओढतो, त्यानंतर १८०° ने १ नंबर, आणि मग ३६०° त्या पोर्टमध्ये कुणीच ओढत नाही. मागच्या पोर्टात तसंच: आधी ३, मागोमाग ४, मग मोठी विश्रांती. त्या विश्रांतीत इंजेक्टर जे पेट्रोल टाकेल ते पोर्टात साचून राहतं आणि जो पहिला व्हॉल्व्ह उघडेल तो उचलून नेतो. म्हणजे मधले २ आणि ३ ओले, कडेचे १ आणि ४ कोरडे. इंजेक्टर कितीही चांगला घ्या, ईसीयूतलं पेट्रोलचं टेबल कितीही घासा, हा फरक जात नाही, कारण तो टेबलात नाही, पोर्टात आहे.

एसयूला हा त्रास का होत नाही? कारण तो पोर्टापासून लांब, मॅनिफोल्डच्या मध्यावर बसतो, आणि जेव्हा हवा वाहते तेव्हाच पेट्रोल सोडतो. जो सिलिंडर जितकी हवा ओढेल तितकं पेट्रोल त्याच हवेबरोबर जातं.

त्यामुळे वाटा दोन.

पहिली: इंजेक्टर कार्बोरेटरच्याच जागी आणा. मूळ मॅनिफोल्ड तसाच ठेवायचा, त्याच्या तोंडावर अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, ठोकळ्यात दोन इंजेक्टर, आणि ठोकळ्याच्या बाहेरच्या अंगाला थ्रॉटल बॉडी. पहिल्यांदा करणाऱ्याने हेच करावं.

दुसरी: प्रत्येक पोर्टावर दोन-दोन, एकूण चार इंजेक्टर, चारही वेगळ्या चॅनेलवर, पूर्ण सिक्वेन्शियल. प्रत्येक सिलिंडरचं पेट्रोल त्याचाच व्हॉल्व्ह उघडा असताना पडलं पाहिजे. ४५०० आरपीएमला १८०° म्हणजे फक्त ६.७ मिलिसेकंद. इंजेक्टर उघडायला लागणारा साधारण १ मिलिसेकंद वजा करा, हातात साडेपाच उरतात. फुल थ्रॉटलला एका सिलिंडरला एका वेळी साधारण २२ मिलिग्रॅम पेट्रोल लागतं. गणित करा, इंजेक्टर ३५० ते ४०० सीसी प्रति मिनिटाचे निघतात. शिवाय कॅमचा सिग्नल हवा, म्हणजे डेल्कोच्या पोटात एका पात्याचा हॉल सेन्सर बसवणं आलं. मेगास्क्वर्ट या दुसऱ्या ईसीयूच्या एमएस२/एक्स्ट्रा फर्मवेअरमध्ये अशा जुळ्या पोर्टांसाठी वेगळी सोय आहे. इंग्लंडात मिनीच्या ए-सिरीजवर हे करणारे बरेच आहेत, कारण ते हेडही असंच जुळ्या पोर्टांचं. होतं, पण टायमिंगची विंडो हातानं शोधत बसावं लागतं.

मार्क_तीन

पोर्टाचं हे लक्षातच घेतलं नव्हतं, आभार. पण एक शंका. वाइडबँड लावल्यावर मिश्रण ओलं-कोरडं आहे ते दिसेलच ना? मग पोर्टवर इंजेक्टर ठेवून वाइडबँडच्या आधारे टेबल जुळवलं तर?

पेट्रोलगंध

दिसणार नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. वाइडबँड चारही सिलिंडरचा धूर एकत्र झाल्यावर मोजतो. २ आणि ३ लॅम्डा ०.८५ वर, १ आणि ४ लॅम्डा १.१५ वर असले तरी डिस्प्लेवर १.०० च्या आसपासचा आकडा येईल. आकडा बघून समाधान वाटेल आणि चढावर फुल लोडला १ आणि ४ तापत राहतील. आधी खडखडाट, मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळणार.

या इंजिनवर सिलिंडरनिहाय खरं सांगतात ते प्लगच. तिसऱ्या गिअरला चढावर फुल थ्रॉटल, तिथेच किल्ली बंद, क्लच दाबून गाडी कडेला घ्यायची, चारही प्लग काढून क्रमाने मांडायचे. आयडलवर चालवून घरी आणलेले प्लग बघून काही कळत नाही, शेवटच्या पाच मिनिटांची काजळी वर बसलेली असते.

वाइडबँडचं बुश डाउनपाइप एक झाल्यानंतर ४५ ते ६० सेमीवर, आणि घड्याळाच्या १० ते २ च्या दरम्यान. खालच्या बाजूला लावला की गाडी थंड असताना पाइपात साचलेलं पाणी सेन्सरच्या तापलेल्या सिरॅमिकवर उडतं आणि तो फुटतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून फुसफुस असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आयडलला खोटं कोरडं दाखवतं. ते आधी बंद करा.

लेथ_सातारा

ठोकळ्याचं थोडं तपशिलात लिहितो, कारण चुका इथेच होतात.

मॅनिफोल्डच्या तोंडावर कागद ठेवून हातोडीच्या गोल डोक्याने कडेकडेने हलकं ठोकलं की छाप उमटते. तीच गॅस्केटची आणि ड्रिलिंगची टेम्प्लेट. ठोकळा अ‍ॅल्युमिनियमचा, ५० ते ६० मिमी जाड. दोन्ही तोंडं मिलिंगवर एकाच सेटिंगमध्ये घ्या, फाइलने घासलेलं तोंड हवा पितंच. आतलं भोक थ्रॉटल बॉडीच्या बाजूला त्याच्या मापाचं, मॅनिफोल्डकडे जाताना निमुळतं करत त्याच्या मापाला मिळवायचं, पायरी ठेवायची नाही. पायरीवर पेट्रोल साचतं आणि ब्रेक मारला की पुढे सरकतं, गाडी त्याच वेळी गुदमरते.

थ्रॉटल बॉडी ३८ ते ४० मिमी बोअरचा पुरे. त्याहून मोठा घेतला की पाय जरा टेकताच अर्धं इंजिन उघडतं आणि शहरात गचके बसतात. टीपीएस (थ्रॉटल किती उघडा आहे ते सांगणारा सेन्सर) बसवलेला आणि आयडल व्हॉल्व्ह सोबत असलेला, भंगारातल्या छोट्या एमपीएफआय गाडीचा बघा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. घेताना स्पिंडल हलवून बघा, बुश झिजलेला असेल तर तिथून हवा जाते आणि आयडल कधीच जागेवर बसत नाही.

इंजेक्टरची भोकं वरून खाली, मॅनिफोल्डच्या दिशेने ३० ते ४५° तिरपी. भोकाचं माप हातातल्या इंजेक्टरच्या ओ-रिंगवरून घ्या, बहुतेक १३.५ ते १४ मिमीत बसतं. रीमरने गुळगुळीत करा आणि तोंडाला हलका उतार द्या, नाहीतर ओ-रिंग आत जाताना कापली जाते. इंजेक्टर नुसते दाबून ठेवू नका, वरची रेल ठोकळ्याला बोल्टने बांधलेलीच हवी. ३ किलोचा दाब त्यांना बाहेर ढकलत असतो.

सगळ्यात महत्त्वाचं: दोन्ही इंजेक्टर एकामागे एक, उभ्या मध्यरेषेवर घ्या. डावा-उजवा असे शेजारी नकोत. मॅनिफोल्ड इथून पुढे-मागे फुटतो. इंजेक्टर शेजारी ठेवले आणि आळीपाळीने उडवले तर एक पुढच्या जोडीला पाजतो, दुसरा मागच्या जोडीला.

आकाराचं गणित. कागदावर साधारण ५० अश्वशक्ती. एका अश्वशक्तीला तासाला अर्धा पौंड पेट्रोल धरा, एकूण २५ पौंड, म्हणजे ११.३ किलो. ३ बारवर २४० सीसी प्रति मिनिटाचे दोन इंजेक्टर मिळून तासाला २१ किलो देतात. आळीपाळीने उडवले तर ४४०० आरपीएमला एकाला साडेतेरा मिलिसेकंद मिळतात, लागतात साडेआठच्या आसपास. ड्यूटी, म्हणजे मिळालेल्या वेळेपैकी इंजेक्टर उघडा राहतो तो भाग, ६० ते ६५ टक्के. ई२० साठी ७-८ टक्के जास्त धरलं तरी ७० च्या आत. आयडललाही पल्स २ मिलिसेकंदाच्या खाली जात नाही, तेव्हा यापेक्षा मोठे घेऊ नका. इंजेक्टर हाय इम्पिडन्सचेच, मल्टिमीटरवर १२ ते १६ ओहम दाखवणारे. २-३ ओहमचे लो इम्पिडन्सवाले स्पीडुइनोचा ड्रायव्हर जाळतात. आणि बसवण्याआधी दोन्ही बाटलीत एक-एक मिनिट उडवून मोजा. ४-५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर जोडी बदला.

किलोओहम

चाकाचं आणि सेन्सरचं मी सांगते.

चाक ४ ते ५ मिमी माइल्ड स्टीलचं, लेझर कटिंगवर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तुमच्या जवळच्या एमआयडीसीत फाइल दिली की कापून मिळतं. व्यास १५० मिमीच्या आसपास ठेवा. दात आणि खाच मिळून १३ मिमी येतात, दोन्ही साधारण साडेसहा, खोलीही तेवढीच. मधलं भोक इतकं मोठं ठेवा की हँडल लागणारा क्रँकचा नट आणि त्याचा पाना मोकळा जाईल. अँबॅसिडरमध्ये हे हमखास विसरलं जातं. पुलीत रबराचा डॅम्पर असेल तर चाक आतल्या हबला बांधा, बाहेरची रिंग रबरावर घसरते आणि टायमिंग तिच्याबरोबर सरकतं. डायल गेज लावून चाकाचा डोल ०.२ मिमीच्या आत आणा.

सेन्सर हॉल (वीज देऊन चालणारा) किंवा व्हीआर (चुंबक-कॉइलचा, स्वतःच सिग्नल तयार करणारा), दोन्ही चालतात. व्हीआरमध्ये गॅप ०.८ मिमी. सेल्फवर इंजिन १५०-२०० आरपीएमनेच फिरतं, तेव्हा व्हीआरचा सिग्नल अगदी बारीक असतो, गॅप दीड मिमी ठेवली की तो दिसतच नाही. स्पीडुइनोवर व्हीआरसाठी कंडिशनरचा छोटा बोर्ड वेगळा लावावा लागतो आणि मेन बोर्डावरचे जंपर व्हीआरकडे करावे लागतात. हॉल घेतलात तर हा कंडिशनर नको, जंपर हॉलकडे आणि पुलअप चालू.

रिकामा दात सेन्सरसमोर कधी यावा? पिस्टन टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला) पोचायच्या ८०-९०° आधी. टीडीसीच्या अगदी जवळ ठेवू नका, तिथे कॉम्प्रेशनमुळे क्रँकचा वेग मार खातो आणि ईसीयूला दात मोजताना चूक होते. रिकाम्या जागेनंतरचा पहिला दात सेन्सरसमोर असताना क्रँक टीडीसीच्या ८०° आधी असेल तर सॉफ्टवेअरमधला ट्रिगर अँगल २८० (३६० वजा ८०).

डेल्को? फक्त शाफ्टसाठी ठेवा, ठिणगीसाठी नको. त्याच्या गिअरच्या ढिलाईमुळे टायमिंग दोन-तीन अंश नाचतं. वेस्टेड स्पार्क (एकाच कॉइलने दोन सिलिंडरला एकदम ठिणगी) कॉइल पॅक घ्या, १-४ एक जोडी, २-३ दुसरी, इग्नायटर आतच असलेला. ड्वेल (कॉइल चार्ज करण्याचा वेळ) ३ मिलिसेकंद, सेल्फवर साडेचार. आणि सॉफ्टवेअरमध्ये स्पार्क आउटपुट 'गोइंग लो' आहे ना ते कॉइल जोडण्याआधी तपासा. उलटं ठेवलं तर कॉइल सतत चार्ज होत राहते, किल्ली नुसती चालू ठेवली तरी मिनिटभरात हात लावता येणार नाही इतकी तापते.

मार्क_तीन

ताई, अर्थिंगबद्दल दोन शब्द लिहाल का? गाडीतली बरीच वायरिंग मूळची कापडी इन्सुलेशनची आहे.

किलोओहम

मूळ वायरिंगला हातच लावू नका. बॅटरीपासून स्वतंत्र हार्नेस ओढा. मेन रिले, त्यातून पंपाला १५ अँपिअर, कॉइलला १५, इंजेक्टरला ५, ईसीयूला ३ चा फ्यूज. पंपाला दीड स्क्वेअर मिमी वायर, इंजेक्टरला पाऊण पुरते. पंपाचा रिले ईसीयूच्या हातात द्या. किल्ली फिरवली की दोन सेकंद पंप चालतो, आणि इंजिन थांबलं की तो आपोआप बंद होतो. अपघातात पेट्रोल ओतत राहू नये म्हणून हे गरजेचं आहे, शिवाय डिकीत इनर्शिया स्विच लावा.

सगळ्यात आधी बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते बघा. इंग्रजी पद्धतीच्या जुन्या वायरिंगमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असू शकतो. अल्टरनेटर बसवलाय म्हणजे तुमची निगेटिव्ह अर्थ झालेली असणार, पण डोळ्यांनी खात्री करा, ईसीयू एका चुकीत जातो. डायनामोवर हे काम करूच नये. लुकासचा सी४० डायनामो पूर्ण वेगात २२ अँपिअर देतो आणि आयडलला जवळजवळ काहीच नाही. एकटा पंपच ५-६ अँपिअर खातो.

ईसीयूच्या सगळ्या अर्थ वायरी एकाच जागी, इंजिन ब्लॉकवर. सेन्सरची अर्थ मात्र ब्लॉकवर नाही, ती परत ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडवरच. इंजिन रबर माउंटवर बसलेलं आहे, तेव्हा ब्लॉक ते चॅसी आणि ब्लॉक ते बॅटरी अशा दोन जाड पट्ट्या नव्या टाका. पट्टी गंजलेली असेल तर सेल्फचा करंट परतीची वाट ईसीयूच्या बारीक वायरीतून शोधतो. व्हीआरची वायर शील्डची, आणि शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ. प्लगच्या वायरी कार्बन कोरच्या आणि प्लग रेझिस्टर असलेले, नावात 'आर' असतो ते. तांब्याच्या वायरीने ईसीयू मध्येच रिसेट होतो.

तापमानाचे सेन्सर: कूलंटचा थर्मोस्टॅटच्या खाली, पाण्यात बुडेल असा. वर लावला तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थंडच दाखवतो आणि चोक लांबतो. बॉश पद्धतीचा सेन्सर ०° ला सुमारे ५९०० ओहम, २०° ला २५००, १००° ला १८७. स्वतः मोजणार असाल तर बर्फाचं पाणी, खोलीचं तापमान आणि उकळतं पाणी असे तीन बिंदू घ्या. पुण्यात पाणी ९८° लाच उकळतं हे धरा.

पेट्रोलगंध

आता टाकी. वेल्डिंगचा विचारही टाकीजवळ करायचा नाही, रिकामी असली तरी नाही. फ्युएल गेजचं युनिट ज्या गोल पत्र्यावर असतं तो पत्रा काढून बाहेर आणा आणि रिटर्नची ८ मिमी नळी त्यावर बाकावर ब्रेझ करा. नळी टाकीच्या तळाजवळ न्या. वरून धार पडली की फेस होतो आणि तोच फेस पंपात जातो.

या टाकीत आडव्या भिंती नाहीत. अर्ध्या टाकीवर घाटातलं लांब वळण घेतलं की पेट्रोल एका बाजूला जातं. कार्बोरेटरच्या वाटीत साठा असायचा म्हणून ते कळत नव्हतं. इंजेक्शनला पाव सेकंद हवा आली तरी गाडी खोकते. म्हणून दीड लिटरचा सर्ज पॉट: कमी दाबाचा पंप टाकीतून पॉटमध्ये भरतो, ३ बारचा पंप पॉटच्या तळातून उचलतो, रेग्युलेटरचा रिटर्न पॉटमध्ये येतो, आणि पॉटच्या वरच्या टोकातून जास्तीचं पेट्रोल टाकीत जातं. मूळ मेकॅनिकल पंपानेच पॉट भरावा असं बरेच जण सुचवतात. माझं मत नको. तो इंजिनला चिकटून बसतो, एप्रिल-मेमध्ये त्याच्यातच वाफ धरते. काढून त्या जागी ५ मिमीची पट्टी आणि गॅस्केट लावा.

पंपाआधी १०० मायक्रॉनची जाळी, पंपानंतर १० मायक्रॉनचा फिल्टर. जुन्या टाकीच्या गंजाने इंजेक्टर पहिल्या आठवड्यात बसतो, तेव्हा टाकी आतून धुऊन घ्याच. होज आर९ दर्जाचा, इंजेक्शनसाठीचाच. कार्बोरेटरचा साधा होज ३ किलोला फुगतो आणि ई२० ने आतून सुटत जातो. खाचांची जुबिली क्लिप नको, ती होज कापते. गुळगुळीत पट्टीची इंजेक्शन क्लिप घ्या.

रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी: तुमचे इंजेक्टर थ्रॉटलच्या आतल्या बाजूला आहेत, तेव्हा ती मॅनिफोल्डला जोडायची. कुणी इंजेक्टर थ्रॉटलच्या बाहेर ठेवले तर ती उघडी सोडायची. हे उलटं झालं की आयडल आणि फुल थ्रॉटल कधीच एकाच वेळी जुळत नाहीत आणि माणूस टेबलात चूक शोधत बसतो.

इंजिन सुरू करण्याआधी नुसता पंप दहा मिनिटं चालवा. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरा. शेजारी फायर एक्स्टिंग्विशर हवाच.

मार्क_तीन

सगळं जोडून झालं, ठोकळा तुम्ही सांगितला तसाच. इंजेक्टर उभ्या रेषेत. पंप ३ किलो दाखवतो, गळती नाही. पण सेल्फ मारल्यावर आरपीएम ०, १९०, ०, १८५ असं उडतंय, सिंक लॉस (ईसीयूची दातांची मोजणी चुकणं) १५-२० मोजले जातात. मधूनच एअर फिल्टरमधून फटाका येतो. सेन्सर व्हीआर, गॅप ०.८.

किलोओहम

सेल्फ मारणं थांबवा आणि इंजेक्टरचा फ्यूज काढा, नाहीतर सिलिंडर धुतले जातील. चारही प्लग काढून ट्यूनरस्टुडिओमध्ये (ईसीयू जुळवायचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) टूथ लॉग, म्हणजे दातांमधल्या वेळेचा आलेख, घ्या. ३६-१ ला ३४ सारख्या उंचीच्या काड्या आणि एक दुप्पट उंच दिसली पाहिजे. दुप्पट काडीच्या जागी दीडपट उंचीच्या दोन दिसत असतील तर व्हीआरच्या दोन वायरी उलट्या आहेत, अदलाबदल करा. काड्या सारख्या पण मधूनच एखादी गायब असेल तर बॅटरी किंवा सेल्फची गडबड. क्रँक करताना ईसीयूला १० व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका.

मार्क_तीन

दीडपटच्या दोन होत्या. वायरी बदलल्या, सिंक लॉस शून्य. तिसऱ्या सेल्फला सुरू झाली.

किलोओहम

आता टेबलाला हात लावण्याआधी टायमिंग लाइट. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १०° वर फिक्स करा आणि पुलीची खूण १०° वर येईपर्यंत ट्रिगर अँगल बदला. मग ३००० ला न्या. खूण हलता कामा नये. हे न करता पुढे गेलात तर सगळं ट्यूनिंग चुकीच्या पायावर उभं राहतं.

पेट्रोलगंध

टेबलाची सुरुवात. व्हीई (सिलिंडर हवेने किती टक्के भरतो तो आकडा) आयडलला ४०-४५, क्रूझला ५५, २२००-२६०० च्या फुल थ्रॉटलला ७०. टार्गेट लॅम्डात लिहा, एएफआरमध्ये (हवा-पेट्रोलच्या वजनी प्रमाणात) नको. ई२० चं बरोबर मिश्रण १३.५ च्या आसपास येतं, १४.७ वर नाही. लॅम्डा १ मात्र कुठल्याही पेट्रोलला १ च. आयडल ०.९५ ते १.००, क्रूझ १.००, फुल थ्रॉटल ०.८६ ते ०.८८. क्रूझला १.०५ वर ताणायचा मोह टाळा, एवढ्या लांब मॅनिफोल्डात कडेचा सिलिंडर आधी मिसिंग करू लागतो.

मॅपची (मॅनिफोल्डमधला दाब केपीएमध्ये मोजणाऱ्या सेन्सरची) नळी ठोकळ्याच्या आतल्या बाजूने वरच्या अंगाला काढा, खालून काढली तर तिच्यात पेट्रोल शिरतं. सॅम्पलिंग सायकल अ‍ॅव्हरेजवर.

इग्निशन: आयडल १०-१२°, ४० केपीए क्रूझला २५०० आरपीएमला ३२°, फुल थ्रॉटल ३००० ला २६° पासून सुरुवात. चढावर कान देऊन एकेक अंश वाढवा, ओढ वाढणं थांबलं की तिथून २° मागे या.

अ‍ॅक्सिलरेशन एनरिचमेंट पोर्ट इंजेक्शनपेक्षा जास्त लागेल, कारण थ्रॉटल उघडताच मॅनिफोल्डच्या भिंती आधी ओल्या होतात, मग सिलिंडरला मिळतं. ४०-५० टक्के, ३०० मिलिसेकंद. लॉगमध्ये आधी कोरडा काटा आणि मग ओली शेपटी दिसली तर टक्के वाढवा आणि वेळ कमी करा. पण हे इंजिन ७५-८० अंशांवर आल्यानंतरच. थंड मॅनिफोल्डवर जुळवलेलं उन्हाळ्यात काळा धूर देतं.

गरम गाडी दहा मिनिटं बंद ठेवून परत सुरू केली की अडखळणार, हे आत्ताच सांगून ठेवतो. इनटेक आणि एक्झॉस्ट या इंजिनला एकाच बाजूला. बंद गाडीत खालून शेक येतो, हवेचा सेन्सर ६५-७० अंश दाखवतो, ईसीयूला वाटतं हवा विरळ आहे आणि तो पेट्रोल कापतो. सेन्सर एअर फिल्टरच्या तोंडाकडे, ग्रिलमागच्या थंड हवेत न्या, आणि ५० अंशांच्या वरची दुरुस्ती अर्ध्यावर आणा. एक्झॉस्ट आणि ठोकळ्याच्या मध्ये पत्र्याची ढालही हवी.

मार्क_तीन

आरटीओचं काय?

लेथ_सातारा

इंजिन नंबर तोच, इंधन तेच. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनातल्या बदलांबद्दल आहे, तेव्हा तुमच्या आरटीओत लेखी विचारूनच ठरवा. आणि २०२१ च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांवरची गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, इंजिनातले बदलही त्यात धरतात. पुढेमागे व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर एसयू, पंप, डेल्को, सगळं तेल लावून डब्यात जपा. मूळ मॅनिफोल्ड न कापण्याचं हेही एक कारण.

मार्क_तीन

७०० किमी झाले. आयडल ८०० ला स्थिर. पेट्रोलगंध यांनी सांगितलं तसे चढावर किल्ली बंद करून प्लग काढले. फुल थ्रॉटलला चारही सारखे, फिकट बदामी. पण अर्ध्या थ्रॉटलवर ६० च्या वेगाने १५ किमी चालवून काढले तर १ आणि २ पांढरट, ३ आणि ४ गडद. वाइडबँड १.००.

लेथ_सातारा

आतले-बाहेरचे असा फरक नाही, पुढची जोडी आणि मागची जोडी असा आहे. म्हणजे जुळ्या पोर्टचा दोष नाही, हवा वाकडी जातेय. फुल थ्रॉटलला दिसत नाही आणि अर्ध्याला दिसतं, म्हणजे थ्रॉटलची चकती. तुमच्या थ्रॉटल बॉडीचं स्पिंडल उभं आहे की आडवं?

मार्क_तीन

उभं. केबल वरून सरळ यावी म्हणून तसं बसवलं.

लेथ_सातारा

तेच. स्पिंडल उभं असलं की अर्धी उघडलेली चकती हवा आणि पेट्रोल एका बाजूला, इथे मागच्या पायपाकडे लोटते. स्पिंडल आडवं असलं की झुकाव वर-खाली होतो, पुढे-मागे वाटणी सारखी राहते. थ्रॉटल बॉडी ९०° फिरवा. ठोकळ्यावर नवी भोकं पाडावी लागतील, जुनी आरपार असतील तर बोल्ट आणि सीलंटने बुजवा. टीपीएस खालच्या अंगाला येऊ देऊ नका, पेट्रोल झिरपून त्यात जातं. फिरवल्यावर टीपीएसचं कॅलिब्रेशन परत करा.

मार्क_तीन

फिरवला, केबलला नवा ब्रॅकेट केला. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने प्लग काढले: चारही एका रंगाचे. ४० ते ६० केपीएच्या ओळींत व्हीई ३ ते ४ ने खाली आलं. सध्याचं टेबल आणि ठोकळ्याचं ड्रॉइंग पहिल्या पोस्टला जोडलं आहे. ड्रॉइंगमध्ये स्पिंडल आडवं धरूनच भोकं दाखवली आहेत.